उडत्या विमानात इंधन कसं भरतात? – सापेक्ष वेगाचा एक पाठ



उन्हाळ्यात आपल्या जालना जिल्ह्यात पाण्याचा टँकर मुलं नेहमी पाहतात. आधी टँकर थांबतो, मगच पाइप लागतो. त्यामुळे "आकाशातही टँकर असतो आणि तो न थांबता लढाऊ विमानात इंधन भरतो," असं सांगितलं की प्रश्न येतोच: "सर, एवढ्या वेगात पाइप जोडतात कसा?" नववीला 'गतीचे नियम' शिकवताना हा प्रश्न जरूर घ्या.

गरज का पडते?
उड्डाण करताना विमानाने किती वजन उचलायचं याला मर्यादा असते. शस्त्रं जास्त घेतली की इंधन कमी घ्यावं लागतं. वर गेल्यावर इंधन मिळालं तर ही अडचण सुटते आणि पल्लाही वाढतो. त्यासाठी भारतीय हवाई दलाकडे इल्युशिन-७८ ही टँकर विमानं आहेत. त्यांचा तळ आग्र्याला आहे.

साधनं कोणती?
टँकर विमान मागे एक लांब, लवचीक नळी सोडतं. नळीच्या टोकाला बॅडमिंटनच्या फुलासारखी टोपली असते. हवेच्या रोधामुळे ती नळीला ताणून धरते आणि स्थिर ठेवते. लढाऊ विमानाच्या नाकाजवळ पुढे आलेली एक दांडी असते. दांडी टोपलीत नीट बसली की झडप उघडते आणि इंधन वाहू लागतं. आपल्या नाशिकजवळ ओझरला तयार झालेल्या सुखोई-३० एमकेआय विमानांना अशी दांडी असते. काम नसताना ती आत घेता येते.

खरी गोष्ट वेगातल्या फरकाची
सप्टेंबर २०१८ मध्ये स्वदेशी 'तेजस'ने २०,००० फूट उंचीवर इल्युशिन-७८ कडून १,९०० किलो इंधन घेतलं. तेव्हा तेजसचा वेग ताशी सुमारे ५०० किमी होता. पण टँकरही जवळपास त्याच वेगाने जात होता! टँकरचा वेग ५०० आणि लढाऊ विमानाचा ५०५ धरला, तर सापेक्ष वेग फक्त ताशी ५ किमी, म्हणजे आपण चालतो तेवढा. फरक फार वाढला तर नळी सैल पडून लाटेसारखी उसळते आणि दांडीचं टोक मोडू शकतं. फरक फारच कमी असेल तर झडप उघडत नाही. म्हणून वैमानिकाचं सगळं कसब हा फरक सांभाळण्यात असतं.

समृद्धी महामार्गावरून जाताना मुलांना हे दाखवा. शेजारून आपल्याच वेगाने जाणारी गाडी जणू जागेवर उभी वाटते. समोरून येणारी मात्र सर्रकन निघून जाते. दोन्ही गाड्या ताशी १०० ने जात असल्या तरी पहिलीचा सापेक्ष वेग शून्य, दुसरीचा २००.

मैदानावर करून पाहा
एका मुलाने दोरीला नरसाळं बांधून ते मागे लोंबतं ठेवत चालावं. दुसऱ्याने हातभर काठी घेऊन मागून यावं आणि काठी नरसाळ्यात घालावी. आधी पुढच्याने उभं राहावं व मागच्याने भरभर यावं, मग दोघांनी सारख्या चालीने चालावं. कोणत्या वेळी सोपं गेलं आणि का, हे मुलांनाच सांगू द्या.

वहीतला प्रश्न
लढाऊ विमान टोपलीपासून १४ मीटर मागे आहे. सापेक्ष वेग सेकंदाला १.४ मीटर असेल, तर पोहोचायला किती वेळ लागेल? (उत्तर: १० सेकंद)