सनदी इंजिनिअर कोणास म्हणावे?

यंदा दहावीच्या वर्गात मी सहज विचारले, "तुमच्यापैकी इंजिनिअर कोणास व्हावयाचे आहे?" निम्म्याहून अधिक हात वर झाले. ज्या गावी सकाळी कारखान्यांच्या बसगाड्या पाहून मुले वेळ ओळखतात, तेथे यात नवल नाही. परंतु "माणूस इंजिनिअर झाला असे केव्हा म्हणावे?" या दुसऱ्या प्रश्नास सर्वांचे एकच उत्तर आले, "डिग्री मिळाली म्हणजे!" हे उत्तर अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे पालकांच्याही कानी पडावे, म्हणून हा लेख.

'सनद' हा शब्द चिंचवडकरांस नवा नाही. मोरया गोसावींच्या देवसंस्थानास निरनिराळ्या राजवटींनी इनामाच्या सनदा दिल्या, हे येथील इतिहासात प्रसिद्धच आहे. सनद म्हणजे राज्यकर्त्याने आपल्या शिक्क्यानिशी दिलेला अधिकारलेख. इंग्रजीत यासच 'चार्टर' म्हणतात. लंडन येथे १८१८ साली काही तरुण इंजिनिअरांनी आपली एक संस्था काढली. १८२८ साली तीस राजाची सनद मिळाली. आपल्या देशातील 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स' ही संस्था १९२० साली स्थापन झाली व ९ सप्टेंबर १९३५ रोजी पंचम जॉर्ज बादशहांनी तीस सनद दिली. तिचे मुख्य कार्यालय कोलकात्यास आहे. इंग्रजांचे राज्य गेले, संस्था मात्र राहिली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, सनद मिळाली ती संस्थेस. संस्थेने आपल्या सभासदाचे शिक्षण व अनुभव पारखावा आणि जो योग्य ठरेल त्यास 'चार्टर्ड इंजिनिअर' हे बिरुद लावू द्यावे, असा हा व्यवहार आहे.

येथे एखादा चतुर विद्यार्थी शंका काढीलच. डॉक्टरास नोंदणीवाचून रोगी तपासता येत नाही, वकिलास सनदेवाचून कोर्टात उभे राहता येत नाही. इंजिनिअरास मात्र देशभर लागू होईल असा कायदा आपल्याकडे नाही. मग ही सनद हवी कशास?

चाकणच्या एखाद्या कारखानदाराने परदेशातून वापरलेले प्रेस मशीन मागविले असे समजा. ते किती जुने, कोणत्या स्थितीत आहे, त्याची रास्त किंमत काय, हे कस्टम खात्यास कोणी सांगावे? तेथे चार्टर्ड इंजिनिअराचा दाखला लागतो. सवलतीच्या जकातीत आणलेले यंत्र कारखान्यात खरोखर बसविले की नाही, याचा दाखलाही तो देऊ शकतो. दाखला पानभराचा, पण त्याखालच्या सहीवर भरवसा ठेवून सरकार आपली जकात ठरविते. यंत्र डोळ्यांनी न पाहता अशी सही करणारा मनुष्य खोटी साक्ष देत असतो, असे मी मुलांस स्पष्ट सांगतो.

इंजिनिअराच्या निर्णयाचे वजन पुण्यातील वृद्ध मंडळींस विचारावे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे बांधकाम चालू असलेले धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फुटले, आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. याच खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आपोआप उघडणारी दारे बसविली होती. त्यांचे इंजिनिअरिंगचे शिक्षण पुण्याच्याच कॉलेजात झाले होते, आणि पूर आला त्या वर्षी ते हयात होते. दोष कोणाचा, हा येथे विषय नाही. नकाशावर ओढलेल्या एका रेघेखाली किती घरे येतात, एवढेच मुलांनी पाहावे.

आता मार्गाविषयी. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून डिग्रीच्या दुसऱ्या वर्षास जाता येते. किंवा बारावीनंतर प्रवेशपरीक्षा देऊन चार वर्षांचा अभ्यासक्रम घेता येतो. पहिल्या मार्गास कमी लेखू नये. त्या मुलाचा हात यंत्रावर लवकर बसतो. कॉलेज निवडताना इमारतीस भुलू नका. आपणांस हवी ती शाखा एन. बी. ए. या राष्ट्रीय मंडळाने मान्य केली आहे काय, हे विचारा. कारण ही मान्यता सबंध कॉलेजास नसून एकेका अभ्यासक्रमास मिळते.

पालकांस एक सावधगिरीची सूचना. पूर्वी पाळी संपवून रात्री घरी अभ्यास करणारे कामगार याच संस्थेची 'ए. एम. आय. ई.' परीक्षा देत. तिचे दोन्ही भाग उतरले म्हणजे सरकार ती डिग्रीच्या बरोबरीची मानी. ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदविणाऱ्यांसाठी मात्र केंद्र सरकारने ती बरोबरी ठेवलेली नाही. शेजारचे काका असेच वर चढले, एवढ्यावरून आज कोणी पैसे भरू नयेत.

डिग्रीनंतर काही वर्षे जबाबदारीचे काम करावे लागते, आणि येथेच पुष्कळांचे घोडे अडते. इंग्लंडात अनुभवी इंजिनिअर उमेदवारास समोर बसवून चौकशी करतात. तुमच्या तुकडीने काय केले ते राहू द्या, तुम्ही स्वतः काय ठरविले व का, असा त्या चौकशीचा रोख असतो. दहा वर्षे नोकरी केलेल्यासही याचे उत्तर सुचत नाही, कारण त्याने लिहून काहीच ठेवलेले नसते.

भोसरीच्या एका लहान वर्कशॉपात काम करणारा आमचा माजी विद्यार्थी दिवाळीस भेटावयास आला. त्याने आपली वही दाखविली. तारीख, ड्रॉइंगचा क्रमांक, काय बदलले, का बदलले, असे सर्व ओळीने लिहिलेले. एका पानावर होते की, शाफ्ट व बुश यांमधील फट ठरविताना धातू तापल्यावर वाढतो हे आपण विसरलो, चाचणीत बुश धरला, चाळीस नग पुन्हा करावे लागले, आणि चूक आपली असे मालकास त्याच दिवशी सांगितले.

"सर, हे पान फाडून टाकू का?" त्याने विचारले.

मी म्हणालो, "अर्ज करशील तेव्हा प्रथम हेच उघड."