रविवारची सुटी : श्रमाच्या अभ्यासाचा एक धडा

पदवीच्या मुख्य विषयाजोडीला श्रमाचा अभ्यास कशासाठी, असे आमचे तरुण विचारतात. रविवारची सुटीच पाहू. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची ही मागणी मांडली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. मागणी कशी उभी राहिली, हे इतिहास सांगेल. बुडालेली मजुरी कोणी सोसली, हे अर्थशास्त्र. शरीराला विसावा का हवा, हे वैद्यक. आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने काय बांधून दिले, हे विधिशास्त्र. एकट्या शास्त्राला सबंध माणूस दिसत नाही.

मात्र घरच्या चुलीला रविवारीही सुटी नव्हती, आणि तिची नोंद कोणत्याच हजेरीपटावर नाही. आपण अभ्यासाचा आरंभ तेथूनच करू या.