घरचा पक्ष सुटला तर?

प्रश्न : आमचं घर तीन पिढ्यांपासून शेतकरी कामगार पक्षाचं. पुण्यात शिकायला आलो आणि माझी मतं बदलली. निवडणुकीत गावी गेलो की वडील मला गृहीत धरूनच बोलतात. मी घराशी बेइमानी करतोय का?

उत्तर : मुळीच नाही. अमेरिकेत 1965 साली शाळकरी तरुण आणि त्यांचे पालक यांची राजकीय मतं नोंदवून पुढे अनेक वर्षं त्यांचा मागोवा घेतला गेला. त्या माहितीच्या आधारे इलियास दिनास या अभ्यासकाने 2014 मध्ये दाखवलं, की ज्या घरांत राजकारणाची भरपूर चर्चा होते, तिथलीच मुलं मोठेपणी घरचा पक्ष सोडण्याची शक्यता जास्त असते. राजकारणात रस घेण्याची सवय घरी लागते, ती बाहेरही सुटत नाही. तुम्हाला ती वडिलांनीच लावली. शेतकरी कामगार पक्षाचे एक संस्थापक केशवराव जेधे हेही पुढे काँग्रेसमध्ये परतले होते.

वडिलांसाठी पक्ष म्हणजे तरुणपणीचे मोर्चे आणि जोडलेली माणसं. त्याबद्दल विचारा, मनापासून ऐका. प्रचाराच्या धामधुमीत, कार्यकर्त्यांसमोर मात्र तुमच्या बदललेल्या मतांचा विषय काढू नका. मत कुणाला दिलं हे सांगण्याची सक्ती 1951 चा लोकप्रतिनिधित्व कायदाही करू देत नाही. पण वडिलांनी थेट विचारलं, तर खोटं बोलू नका.