‘रिकामा’ फोल्डर पुसण्याआधी

मेल प्रोग्रॅममध्ये पाठवलेल्या मेलचे दोन-तीन फोल्डर दिसू लागले, की जास्तीचे पुसून टाकावेसे वाटतात. कळकळीने सांगते, तिथेच थांबा. जयपूरच्या सीतापुरा औद्योगिक क्षेत्रात कपडे निर्यात करणाऱ्या एका कंपनीत मी कागदपत्रांचे काम पाहते. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिलाची प्रत, खरेदीदाराने सॅम्पलला दिलेली मंजुरी, सगळे मेलवरच चालते. यातला मोठा भाग एका ‘रिकाम्या’ फोल्डरबरोबर नाहीसा होताना मी पाहिला आहे.

आमचे मेल खाते एकच, पण उघडलेले तीन ठिकाणी. माझ्याकडे थंडरबर्ड, हिशेब विभागात आउटलुक, शेठजींच्या हातात आयफोन. पाठवलेल्या मेलची प्रत थंडरबर्ड ‘सेंट’मध्ये ठेवत होता, आउटलुक ‘सेंट आयटम्स’मध्ये आणि फोन ‘सेंट मेसेजेस’मध्ये. एका सहकाऱ्याला हा शेवटचा फोल्डर रिकामा वाटला, कारण त्याच्या नावापुढे आकडा नव्हता. पण तो आकडा न वाचलेल्या मेलचा असतो. आपण पाठवलेला मेल वाचलेलाच धरला जातो, त्यामुळे आत हजारो मेल असले तरी बाहेरून काहीच कळत नाही. फोल्डर कचरापेटीत गेला. प्रोग्रॅम बंद होताना कचरापेटी आपोआप रिकामी करण्याची सोय चालू होती, आणि संध्याकाळी सगळेच गेले. पुढे कापडाच्या रंगछटेवरून खरेदीदाराशी मतभेद झाला, तेव्हा शेठजींनी फोनवरून कळवलेले आमच्याकडे उरलेच नव्हते. काही मेल समोरच्यांनी परत पाठवले, बाकीचे कायमचे गेले.

याचे मूळ आयमॅप पद्धतीत आहे. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ती रचली. तिच्यात मेल सर्व्हरवर राहतो आणि प्रत्येक यंत्र तोच साठा दाखवते. म्हणून एका यंत्रावर पुसलेले सगळीकडून जाते. ‘इनबॉक्स’ हे नाव सर्वांसाठी ठरलेले होते, बाकीची नावे ज्याने त्याने आपल्या मनाने ठेवली. पाठवलेल्या मेलचा फोल्डर कोणता, कचरापेटी कोणती, हे सर्व्हरने प्रोग्रॅमला सांगण्याची रीत २०११ मध्ये आरएफसी ६१५४ या मानकाने घालून दिली. पण सगळे सर्व्हर ती पाळत नाहीत.

म्हणून आधी ब्राउझरमधून वेबमेल उघडा. तिथेही दोन फोल्डर दिसले, तर ते खरोखर दोन आहेत आणि मेल त्यांच्यात वाटले गेले आहेत. तिथे एकच असेल, तर गोंधळ तुमच्या संगणकावरचा आहे. थंडरबर्डमध्ये ‘युनिफाइड फोल्डर्स’ हे दृश्य चालू असेल तर तोच फोल्डर पुन्हा दिसतो. यादी बिघडली असेल तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधले ‘रिपेअर फोल्डर’ वापरा. काही सर्व्हरवर सगळे फोल्डर इनबॉक्सच्या पोटात असतात. तिथे खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’खाली आयमॅप डिरेक्टरी म्हणून ‘इनबॉक्स’ हे नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिले, की मांडणी सरळ होते. जीमेलची गोष्ट वेगळी. तिथले फोल्डर म्हणजे लेबले, त्यामुळे एकच मेल ‘इनबॉक्स’मध्ये आणि ‘ऑल मेल’मध्येही दिसतो. त्यातला एक जादा समजून कचरापेटीत टाकलात, तर दोन्हीकडून जाईल.

फोल्डर खरोखर दोन निघाले तर घाई नको. आधी बॅकअप घ्या. थंडरबर्ड बंद करून त्याचा प्रोफाइल फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवा. मात्र ऑफलाइन वापरासाठी उतरवलेले मेलच त्यात पूर्ण असतात, हे आधी तपासा. आणि तो ड्राइव्ह कचेरीच्याच कपाटात ठेवू नका. २९ ऑक्टोबर २००९ ला याच सीतापुऱ्यातल्या तेलसाठ्याला आग लागली, कित्येक दिवस ती धुमसत राहिली, माणसे दगावली, आसपासच्या इमारतींचीही नासधूस झाली. इथे काम करणाऱ्याला दुसऱ्या ठिकाणच्या प्रतीचे महत्त्व पटवावे लागत नाही.

मग कोणता फोल्डर ठेवायचा ते सगळ्यांनी मिळून ठरवा. थंडरबर्डमध्ये ‘कॉपीज अँड फोल्डर्स’मध्ये जाऊन पाठवलेल्या मेलसाठी तोच निवडा. जुन्या फोल्डरमधले मेल थोडे थोडे करून नव्यात कॉपी करा, हलवू नका, म्हणजे मध्येच इंटरनेट गेले तरी मूळ जागचे हलणार नाही. जागेची मर्यादा तेवढी पाहून घ्या, कारण काही काळ प्रत्येक मेल दोनदा मोजला जाईल. वेबमेलवर मेलची संख्या जुळली, की जुना फोल्डर काही दिवस तसाच राहू द्या आणि नंतरच पुसा. तोवर कचरापेटी आपोआप रिकामी करण्याची सोय बंद ठेवा.

मोबाइल विसरू नका. आयफोनमध्ये खात्याच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ सेटिंग्जमध्ये पाठवलेल्या मेलसाठी सर्व्हरवरचा फोल्डर निवडता येतो. तो बदल राहून गेला, तर तुम्ही पुसलेला फोल्डर शेठजींच्या पुढच्याच मेलबरोबर पुन्हा तयार होईल.