जुना व्हीसीआर, नवा टीव्ही

प्रश्न : आमच्या लग्नाची कॅसेट १९९२ची आहे. नव्या टीव्हीला फक्त एचडीएमआय आहे, म्हणून एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगांच्या पिना असलेली केबल आणली. पडदा काळाच! व्हीसीआर बिघडला का?
– एक वाचक, वारजे, पुणे

उत्तर : काळजी करू नका, दोष बहुधा केबलचा आहे. व्हीसीआरमधून ॲनालॉग सिग्नल येतो, एचडीएमआयला डिजिटल लागतो. नुसत्या वायरीने तो बदलत नाही. आधी टीव्हीमागे ‘एव्ही इन’ लिहिलेलं बारीक गोल छिद्र शोधा. असेल, तर त्याच टीव्हीसाठीची जोडवायर घ्या. नसेल, तर ‘एव्ही टू एचडीएमआय’ कन्व्हर्टर आणा. उलट दिशेचा डबा हुबेहूब तसाच दिसतो, त्यामुळे छापील अक्षरं नीट वाचा. कन्व्हर्टरला यूएसबीतून वीज द्या आणि टीव्हीवर योग्य एचडीएमआय निवडा. चित्र चौकोनीच ठेवा, ताणलं की चेहरे पसरट दिसतात.

कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी भुकटी दिसली, तर ती कॅसेट अजिबात लावू नका. ती भुकटी म्हणजे बुरशी असते. तिने व्हीसीआरचा हेड खराब होतो आणि ती पुढच्या कॅसेटलाही लागते. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. तेव्हा मशीन चालू आहे तोवर कॅसेटची डिजिटल प्रत करून घ्याच.