मीटर एकाचा, पुडी दुसऱ्याची

प्रश्न : माझ्याकडे खाऱ्या पाण्याची फिशटँक आहे. फॉस्फेट मोजायला हॅना कंपनीचा ७१३ क्रमांकाचा छोटा मीटर वापरतो. पुड्या संपल्या तेव्हा दुकानदाराने त्याच कंपनीच्या ७३६ क्रमांकाच्या मीटरच्या पुड्या दिल्या. ‘केमिकल तेच आहे,’ म्हणाला. पाणी निळं होतं, आकडाही येतो. तो खरा मानावा का?
– एक वाचक, मिरा रोड (पूर्व)

उत्तर : निळा रंग खरा आहे. आकडा मात्र तपासल्याशिवाय मानू नका.

दुकानदार अगदीच चुकीचं बोलला नाही. मर्फी आणि रायली यांनी १९६२ साली मांडलेली पद्धतच या सगळ्या चाचण्यांच्या मुळाशी आहे. आम्लात फॉस्फेट आणि मॉलिब्डेट एकत्र येतात आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे आपलं क जीवनसत्त्व, त्या संयुगाला निळं करतं. पण मीटर फॉस्फेट मोजत नाही. निळ्या पाण्याने किती प्रकाश अडवला एवढंच त्याला कळतं. त्यावरून फॉस्फेट किती, हे कारखान्यात भरलेल्या कोष्टकातून येतं. जुन्या रिक्षांचे लोखंडी मीटर आठवा. भाडं कार्ड बघून ठरायचं. रिक्षाच्या मीटरला टॅक्सीचं कार्ड लावलं, तर मीटर बरोबर असूनही भाडं चुकणार.

पुडीत आम्ल आणि मॉलिब्डेट यांचं प्रमाण फार महत्त्वाचं असतं. आम्ल कमी पडलं की पाण्यातलं सिलिकेटही निळं होऊ लागतं आणि फॉस्फेट म्हणून मोजलं जातं. आर.ओ.चा मेम्ब्रेन जुना झाला असेल, तर नळाच्या पाण्यातलं सिलिकेट टाकीत येतंच. उलट, पुडी खराब झालेली असली तर रंग पुरता उमटत नाही आणि आकडा खाली येतो. भाईंदरच्या खाडीकाठच्या पावसाळी हवेत पुडीतल्या पावडरीचे खडे झाले असतील, तर योग्य क्रमांकाची पुडीसुद्धा फेकून द्या.

आता एक चूक सांगतो, ती पुडी बदलण्याहून मोठी आहे. ७३६चा मीटर फॉस्फेट नव्हे, फॉस्फरस दाखवतो, तोही पीपीबीमध्ये. त्याला ३.०६६ने गुणून हजाराने भागलं की फॉस्फेटचे पीपीएम मिळतात. २० आलं तर सुमारे ०.०६. हा गुणाकार मीटरच्या पडद्यासाठी आहे, पुडीसाठी नाही. ७१३च्या मीटरमध्ये कोणतीही पुडी घाला, तो फॉस्फेटच दाखवणार. ‘७३६ची पुडी आहे’ म्हणून तुम्ही त्या आकड्याला तीनने गुणत असाल, तर आजच थांबा.

शंका फेडायचा उपाय द्राक्षबागायतदारांकडे आहे : ०:५२:३४. ठिबकमधून सोडायचं हे खत म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. ओल न लागलेलं खत सोनाराच्या काट्यावर १.४३ ग्रॅम तोलून एक लिटर आर.ओ. पाण्यात विरघळवा, हे झालं १००० पीपीएम फॉस्फेट. त्यातलं १ मिली एक लिटर आर.ओ. पाण्यात घातलं की १ पीपीएम. त्यातलं २०० मिली घेऊन ताज्या कालवलेल्या मिठाच्या पाण्याने एक लिटर करा, म्हणजे ०.२, ५०० मिली घेतलं तर ०.५. उत्तनहून आणलेलं समुद्राचं पाणी इथे नको, खाडीच्या मुखाजवळच्या पाण्यात मुळातच बरंच काही असतं.

आधी नुसतं मिठाचं पाणी मोजा, मग ही दोन. नुसत्या पाण्याचा आकडा दोन्हींतून वजा करा. उरलेले आकडे ०.२ आणि ०.५च्या आसपास आले, तर पुड्या बिनधास्त वापरा. ०.२ जमलं आणि ०.५ला आकडा फार कमी आला, तर पुडी तिथे अपुरी पडते. नुसतं पाणीच ठळक निळं झालं, तर आधी मीठ आणि आर.ओ. तपासा.

खरं सांगायचं तर ७१३ची स्वतःचीच चूक ±०.०४ पीपीएमपर्यंत जाते. टाकीत साधारण ०.०३ ते ०.१ ठेवायचं असतं, त्यामुळे मूळ पुडीने आलेलं ०.०५सुद्धा ०.०१ असू शकतं किंवा ०.०९. नवा मीटर घेणार असाल तर ७३६च घ्या; पुड्या तुमच्याकडे आहेतच.

तोवर या आकड्यांवर विसंबून लोहयुक्त फॉस्फेट रिमूव्हर वाढवू नका. फॉस्फेट शून्यावर गेलं की कोरल उपाशी राहतात आणि डायनोफ्लॅजेलेटचा तपकिरी चिकट थर माजतो; तो काढणं हिरव्या शेवाळापेक्षा कितीतरी अवघड. तिन्ही आकडे आणि पुडीवरचा बॅच क्रमांक आम्हाला जरूर कळवा.