रेणूची आकृती : आधी बंध, मग रंग



इथीनच्या आकृतीत दोन कार्बनांमध्ये दोन रेघा असतात. प्रश्नपत्रिकेची प्रतीवरून प्रत काढताना त्यातली एक पुसट झाली, की हायड्रोजन मोजणारा मुलगा गोंधळतो आणि न मोजणारा इथेन लिहून मोकळा होतो. गुण मात्र मुलाचेच जातात. म्हणून गौलीगुड्यातील आपल्या शाळेत या आकृत्या लाटेकमध्ये जुळवाव्यात, असे आम्हांस वाटते. स्वतःच्या पुस्तकाची छपाई पसंत न पडल्याने डोनाल्ड नूथ यांनी १९७७ साली ‘टेक’चे काम हाती घेतले, लाटेक त्यावरच उभे आहे आणि ते विनामूल्य मिळते.

त्यातील ‘केमफिग’ या जोडणीत आकृती लिहून काढतात. एकेरी बंधाला -, दुहेरीला =, तिहेरीला ~. बेंझीनसाठी *६(-=-=-=) लिहिले की षट्कोन तयार. (टंकताना अक्षरे व आकडे इंग्रजीच हवेत.)

पाणी असे : एच-[१]ओ-[७]एच. येथे प्रत्येक अंक ४५ अंशांचा. एक बंध चढतो, दुसरा तेवढाच उतरतो, मधला कोन ९० अंश होतो. खऱ्या रेणूत तो सुमारे १०४.५ असतो. म्हणून [:३८] आणि [:-३८] द्यावे. हा ३८ कुठून आला, ते नववीच्या मुलांनी त्रिकोण काढून शोधावे. भूमितीचीही उजळणी होईल.

आता रंग. कार्बन काळा, ऑक्सिजन तांबडा, नायट्रोजन निळा, क्लोरीन हिरवा, ही रीत जुनी आहे. हॉफमन यांनी १८६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये क्रोकेचे रंगीत चेंडू जोडून रेणू दाखवले होते. त्यांचा हायड्रोजन पांढरा होता. कागदावर तो दिसणार नाही, काळाच ठेवावा. अणू रंगवताना त्याचे अक्षर आणि रंगाची आज्ञा महिरपी कंसात एकत्र लिहावी. बंधासाठी चौकोनी कंसात चार स्वल्पविराम देऊन मग रंगाचे नाव.

सगळेच अणू रंगवले तर रांगोळी होते. इथेनॉलपासून इथेनॉइक आम्ल होताना जो भाग बदलतो, तेवढाच रंगवावा. वर्गातील एखाद्या मुलाला तांबडा-हिरवा भेद दिसत नसेल, आणि झेरॉक्समध्ये तर दोन्ही करडेच. तेव्हा अक्षर काढून नुसता रंगीत ठिपका ठेवू नये, ‘तांबड्या अणूचे नाव लिहा’ असेही विचारू नये. छापण्याआधी एक काळी-पांढरी प्रत काढून प्रत्येक कार्बनचे चार बंध बोट ठेवून मोजावेत.